दरवाजातला पाइप

धुळ्यात पारोळा रोडला अभिमनचं पत्राकामाचं गॅरेज आहे. माणूस हाताचा सच्चा, स्वभावानंही वाईट नाही. फक्त निंबाचं बरं झालं की याच्या पोटात दुखतं. दोघं एकाच वनाउस्तादांच्या हाताखाली शिकले, एकाच डब्यातली भाकर खाऊन. पण निंबा मोबाइलवर कामाचे व्हिडिओ टाकायला लागला आणि जुन्या जीपा पार जळगावहून त्याच्या दारात यायला लागल्या. अभिमनच्या वाट्याला राहिले रिक्षांचे चेपलेले मडगार्ड.

तेही त्यानं गिळलं असतं. पण दोंडाईच्याच्या अमृतनानांनी आपली टपाची जुनी जीप निंबाकडे टाकली, आणि अभिमनच्या अंगाचा तिळपापड झाला. ती जीप इतकी वर्षं त्यानं सांभाळलेली. तिच्या तळाची गंजून चाळण झालीय हे नानांना पहिल्यांदा सांगितलं तेही त्यानंच! त्याला राहवेना. सहज आलो असं दाखवत तो निंबाच्या गॅरेजात गेला.

निंबानं तळ काढला होता, दोन्ही दारांखालच्या पट्ट्यांसकट. जीपमध्ये डोकावलं की खालची फरशी दिसत होती. निंबा स्टँडवरच्या मोबाइलसमोर रंगात येऊन बोलत होता. अभिमनची नजर मात्र दारांच्या मोकळ्या चौकटींवर अडकली. उस्तादांचा पहिला धडा होता तो: तळाला ग्राइंडर लावण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा पाइप वेल्डिंगच्या टाक्यांनी बसवायचा, नाहीतर खालचा आधार गेला की बॉडी फाकते. व्हिडिओच्या नादात निंबा नेमका तोच विसरला होता.

अभिमनच्या अगदी ओठांवर आलं होतं. नवा पत्रा अजून लागला नव्हता, सगळं सावरता आलं असतं. तेवढ्यात निंबाचा फोन वाजला. "नाना, तुम्ही बिनधास्त राहा हो," तो हसत म्हणाला. ते 'नाना' ऐकलं आणि अभिमनच्या तोंडातला चहा कडू झाला. होऊ दे फजिती, कळू दे नानांना, असं मनात म्हणत त्यानं कप खाली ठेवला आणि तो निघून आला.

आठवड्यानं निंबाच त्याच्या दारात उभा. तोंड पार उतरलेलं.

"अभिमन, नवा पत्रा बठ्ठा बसी गया, पन दरवाजाच लागस नही. माले काहीच सुची नही राह्यनं. तू चाल बरं."

याच घडीची अभिमन वाट बघत होता. गॅरेजात पाय ठेवला न ठेवला, जीपच्या जवळही न जाता तो बोलून गेला, "दरवाजामां पाइप टाकाच नही तू."

निंबानं कपाळावर हात मारून घेतला. मग त्याच हातानं मोबाइल सुरू केला.

"मंडळी, हे माझे गुरुबंधू अभिमन. चूक माझी आहे, आता सगळं परत कापावं लागणार. पण नजर बघा या माणसाची! लांबूनच ओळखलं. धुळ्यात असा दुसरा कारागीर नाही."

ज्या कॅमेऱ्यावर अभिमन इतकी वर्षं जळत होता, तो आता त्याच्याच तोंडासमोर होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बोल ना दोन शब्द," निंबा म्हणाला.

"पह्यले ते बंद कर," अभिमन खाली मान घालून म्हणाला. "पाइप कोठे शे, ते सांग."