सरांचा एक्स्पिडाइट

लवकर करा म्हणता म्हणता आमच्या शेजारच्या सरांनी जेवढा उशीर केला, तेवढा अख्ख्या नाशकात कुणी केला नसेल. आयुष्यभर इंग्रजी शिकवून सर निवृत्त झाले. शिकवणं मात्र काही केल्या निवृत्त होईना. कुठलाही अर्ज असो, शेवटी 'काइंडली एक्स्पिडाइट', म्हणजे कृपया लवकर करा, हवंच, आणि ते लिहिलं की समोरच्या कारकुनाला त्या शब्दाचं मूळ सांगणं आलंच. लॅटिनमध्ये पेस म्हणजे पाय. अडकलेला पाय बेडीतून बाहेर काढायचा, ते एक्स्पिडाइट. "घाई करा असं नाही हो म्हणत मी, पाय मोकळा करा म्हणतोय." कारकून पेन खाली ठेवायचा, सर खुर्ची पुढे ओढायचे आणि अर्ज बसायचा तिथेच. एकदा आम्ही दोघं द्वारका चौकात पोचलो आणि रिक्षावाला लवकर उतरा म्हणाला, तर एक पाय रिक्षात, एक रस्त्यावर ठेवून सरांनी त्यालाही ही बेडी समजावली. मागे बस बोंबलत होती. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेत होतो. मग काकू, म्हणजे सरांची बायको, बाथरूममध्ये पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलात पायाला वजन बांधून त्यांना उताणं निजवलं होतं, आणि मेडिक्लेमची मंजुरी आल्याशिवाय ऑपरेशन होणार नव्हतं. ती काही येईना. सर रोज इस्त्रीचा शर्ट घालून काउंटरवर जायचे आणि तिथल्या मुलीला बेडीपासून सुरुवात करायचे. शेवटी मी वैतागून हात जोडले. म्हटलं, सर, आज नुसतं विचारा, शिकवू नका. बिचाऱ्यांनी खरंच नुसतं विचारलं. मंजुरी तरीही आली नाही. म्हणजे त्यांच्या बोलण्यानं काही अडलंच नव्हतं. ते कळल्यावर मला जास्तच वाईट वाटलं.

त्या संध्याकाळी त्यांनी तो धडा काकूंना सांगितला. काकू घोटीकडच्या खेड्यातल्या. एवढ्या संसारात त्यांनी तो कधी पुरता ऐकला नव्हता; भात लागतोय म्हणत अर्ध्यातून उठायच्या. आता उठता येत नव्हतं. पाय, बेडी, लॅटिन, सगळं त्यांनी वजनाकडे बघत ऐकून घेतलं.

"लय चांगला शब्द हाय," त्या म्हणाल्या. "मग सोडवा ना हो माझा पाय."

सर खाटेच्या पायथ्याशी सरकले आणि काकूंच्या पायाचा अंगठा हातात धरून बसून राहिले. मी चहा आणायच्या निमित्तानं बाहेर आलो.