चिकूची मान बॉलमध्ये अडकली तेव्हा

मैत्रिणींनो, मी अमेरिकेत ट्रॉयला लेकीकडे आलेय. नातीने पाळलेला फेरेट, म्हणजे मुंगसासारखा दिसणारा चिकू, आज दुपारी खेळता खेळता प्लॅस्टिकच्या बॉलच्या भोकात मान अडकवून बसला.

घरात मी एकटी. बाहेर बर्फ, मला ड्राइव्ह करता येत नाही, लेक फोन उचलेना.

शेवटी त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीत घेतलं. "हलू नकोस रे राजा," म्हणत कात्रीने हळूहळू बॉल कापला. सुटला तसा माझ्याच स्वेटरमध्ये शिरला!

संध्याकाळी नातीने भोकांची सगळी खेळणी फेकली. आता त्याला खेळायला मोठा कापडी बोगदा आणणार आहोत.

पण उद्या सगळे गेले की पुन्हा मी आणि चिकूच. परदेशात असं एकटं अडकल्यावर तुम्ही कोणाला हाक मारता?