खोटं बोला, पण हलू नका

“खोटं बोला, पण हलू नका.”

भाजलेल्या डोक्यावरची पट्टी सोडण्याआधी आमचे ड्रेसरमामा प्रत्येकाला हेच सांगत. आमच्या बर्न वॉर्डात येणाऱ्या निम्म्या बायका ‘स्टोव्हचा भडका उडाला’ म्हणत. आता घरोघरी गॅस आला, तरी स्टोव्ह भडकतोच कसा, तुम्हीच सांगा. मामा विचारत नसत. मूळचे वर्ध्याकडचे, राहायला कात्रजला. जीभ मात्र पक्की पुणेरी झालेली. चिकटलेली पट्टी सलाईननं भिजवली तरी तिच्याबरोबर कातडीचा पापुद्रा यायचाच. माणसं किंचाळत, शिव्या घालत. एकानं तर त्यांच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. “दात चांगले आहेत आपले,” एवढंच ते म्हणाले.

मी तिथं नर्स. मला ते दगड वाटायचे.

मग ती आली. कसब्यात वडापावची गाडी लावायची. जबाबात तिनंही स्टोव्हच सांगितला. पट्टी बदलताना मात्र ओरडता ओरडता खरं बोलून गेली. नवऱ्यानं कढईतलं उकळतं तेल डोक्यावर ओतलं होतं. जखम भरली, पण अर्ध्या डोक्यावर केस उगवणार नव्हते. डॉक्टरांनी उरलेल्या केसांच्या कातडीखाली एक फुगा बसवला. दर आठवड्याला त्यात सुईनं सलाईन भरायचं, कातडी ताणून वाढवायची आणि शेवटी ती टकलावर ओढून शिवायची. ते भलंमोठं टेंगूळ मिरवताना ती ओशाळायची. मामा म्हणायचे, “ताई, शेत वाढवतोय आपण. पीक आहेच.”

शेवटच्या आठवड्यात नवरा आला. आधी गोड बोलला. ती घरी यायला नाही म्हणाली, तशी त्यानं त्या फुग्यावरच बुक्की हाणली. ताणलेली कातडी फाटली, उशी रक्तानं भिजली. मामांच्या हातात स्टीलचा ट्रे होता. तो त्यांनी त्याच्या तोंडावर घातला आणि नवरा खाली पडल्यावरही मारत राहिले. मीच त्यांना मागं ओढलं. जरा उशिराच ओढलं, हे आज कबूल करते.

हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांना मामांना वाचवायचं होतं. ‘ट्रे हातातून निसटला’ एवढं लिहून द्या, म्हणाले. मामांनी लिहिलं, ‘मारलं. मुद्दाम मारलं.’ त्याच दिवशी त्यांची नोकरी गेली.

तिला हे कळलं. फुगा काढावा लागला होता, सगळं पुन्हा पहिल्यापासून करायचं होतं. तिनं पोलिसांना परत बोलावून घेतलं.

“स्टोव्ह नव्हता साहेब,” ती म्हणाली. “कढई त्याच्या हातात होती.”

बोलताना तिचं सगळं अंग थरथरत होतं. डोक्याला ताजे टाके. मी सवयीनं ‘हलू नका’ म्हणायला गेले आणि गप्प बसले.