आमच्या घरचं व्यसनविमोचन मंदिर

माझं माहेर खामगावचं. कापसाच्या जिनिंगच्या दिवसांत तिथे अंगणात नुसतं बसलं तरी पातळाला रुई चिकटते. ती कोणी वेचायला जात नाही, आणि झटकली तरी सगळी जात नाही. मेहकरचे हे किस्से मला तसेच चिकटले. मी काही ते जमवले नाहीत. मी स्वयंपाक करत होते.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताच्या दावणीला बांधलेलं होतं आणि हुकूम नागपूरहून यायचे. आमचे डॉक्टर, म्हणजे माझे यजमान, मात्र कोणाच्या हुकमाची वाट न पाहता समाज सुधारायला निघाले होते. मेहकरातल्या आमच्या भाड्याच्या घरातच त्यांनी दारू, गांजा आणि अफू सोडवण्याचं केंद्र काढलं. निवासी सेवा म्हणजे मागची कडब्याची खोली. बाह्य सेवा म्हणजे पुढचा ओटा. बाकी सेवा, म्हणजे जेवणखाण, धुणं आणि रडणाऱ्यांचं ऐकून घेणं, यांचा बोर्डावर उल्लेख नव्हता. त्या मी करत होते ना.

*

बोर्ड डॉक्टरांनी हौसेनं रंगवून घेतला होता. 'व्यसनविमोचन मंदिर'. मी म्हटलं, साधं 'दवाखाना' लिहा. ते म्हणाले, शब्दाला उंची पाहिजे.

उंची इतकी आली की दुसऱ्याच दिवशी एक म्हातारी पायरीशी वहाणा काढून, पदर सावरून, नारळ घेऊन ओट्यावर चढली. हात जोडून तिनं इकडेतिकडे पाहिलं, पण मूर्ती काही दिसेना. मग मला विचारलं, "बाई, देव कुठी बसते?"

मी आत टेबलाशी बसलेल्या डॉक्टरांकडे बोट दाखवलं. म्हातारीनं त्यांना बराच वेळ निरखून पाहिलं. मग नारळ परत पिशवीत घातला आणि निघून गेली.

*

आमचे पहिले निवासी पेशंट श्रीपतराव. जानेफळचे मोठे शेतकरी, अफूची सवय जुनी. बैलांच्या दमणीतून आले ते गादी, तक्क्या, पानाचा डबा आणि बायको घेऊन, आणि महत्त्वाचा क्रमही तोच असावा. कारण रखमाबाई सगळ्यात शेवटी उतरल्या आणि सामानही त्यांनीच उतरवलं.

डॉक्टरांची पद्धत अशी, की अफू एकदम तोडायची नाही. रोजच्या गोळीत अफू थोडी कमी करायची आणि गूळ थोडा वाढवायचा. पेशंटला कळत नाही, असा त्यांचा समज होता. श्रीपतराव गोळी जिभेवर ठेवून डोळे मिटायचे. आठवडा गेल्यावर म्हणाले, "डाक्टरसाहेब, तुमचा गूळ चांगला हाये. पण गूळ खायाले मी जानेफळाहून नाई आलो."

पुढे गोळी पुरती बंद झाली, तेव्हा मात्र हसण्यासारखं काही उरलं नाही. पोटात कळा, उलट्या, अंगाला कापरं. एवढा धिप्पाड माणूस कडब्याच्या खोलीत गुडघे पोटाशी घेऊन रडत होता. डॉक्टर सारखे नाडी पाहत होते. पहिलाच पेशंट दगावला असता तर मेहकरात आम्हाला तोंड दाखवायला जागा नव्हती. रखमाबाईंनी नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं ते उतार पडेपर्यंत खाली ठेवलं नाही.

उतार पडल्यावर त्या माझ्या चुलीपाशी येऊन बसल्या. एक लाकूड आत सारलं. मग म्हणाल्या, "बाई, लगन झाल्यापासून यायनं मले कधी नावानं हाक मारली नाई. काल मारली."

डॉक्टरांनी हे उपचारांचं यश धरलं आणि बोर्डावर 'कौटुंबिक मार्गदर्शन' अशी आणखी एक ओळ वाढवली. ती हाक मीही ऐकली होती. "रखमे, मेलो वं," अशी होती.

*

रोज सकाळी ओट्यावर उपदेश असायचा. विषय मनोबल. पेशंट मांडी घालून बसायचे आणि डॉक्टर उभ्यानं बोलायचे. हातात चहाचा कप. तो रिकामा झाला की मी भरून द्यायची, आणि भरला की मनोबल पुढे सरकायचं.

एकदा श्रीपतराव फार अदबीनं म्हणाले, की मनोबल नुसतं ऐकून ध्यानात राहत नाही, डोळ्यांनी पाहिलं तर बरं पडेल. तेव्हा साहेबांनी एकदा चहा सोडून दाखवावा. सगळा ओटा डॉक्टरांकडे पाहायला लागला. त्यांनी तिथल्या तिथे कप खाली ठेवला.

दुपारपर्यंत ते मला आमटीवरून, माझ्या माहेरावरून आणि खामगावच्या हवेवरून बोलून झाले होते. मग कपाळाला फडकं बांधून आडवे पडले. श्रीपतराव उशाशी जाऊन बसले आणि डॉक्टरांचाच उपदेश त्यांनी डॉक्टरांना पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवला. एक शब्द गाळला नाही. मग बाहेर येऊन मला हळूच म्हणाले, "बाई, त्यायचं एकदम तोडू नका. थोडं थोडं कमी करा."

मी सल्ला मानला. पत्ती कमी, दूध जास्त. आठवड्याभरात डॉक्टर कप घेऊन तक्रार करायला आले, की हल्ली चहाला काही दम नाही. मागच्या खोलीतून श्रीपतराव नुसते खोकले.

*

मग नागपूरहून एक साहेब इन्स्पेक्शनला आले. डॉक्टरांना सरकारी मदतीची आशा होती, म्हणून त्यांनी कडब्याची खोली पांढरी करून घेतली. साहेबांनी खोली पाहिली, ओटा पाहिला, माझी चूलसुद्धा पाहिली. फार उदात्त कार्य आहे म्हणाले, फक्त पेशंट वाढवा.

मग आमचा ओटा उतरून ते समोरच्या अफूच्या दुकानात गेले. दुकान सरकारी परवान्याचं, आणि इन्स्पेक्शन त्याचंही होतं. दुकानदार आमच्या नावानं रडला, की समोर हे मंदिर निघालं आणि गिऱ्हाईक तुटलं. साहेबांनी त्याची समजूत घातली आणि त्यालाही सांगितलं, गिऱ्हाईक वाढवा. जाताना दोन्हीकडच्या कामाबद्दल त्यांनी समाधान व्यक्त केलं. मदत काही आली नाही.

डॉक्टर आणि दुकानदार आधी एकमेकांकडे बघतही नसत. त्या दिवसापासून ते नमस्कार करायला लागले.

*

बरा होऊन गेलेल्या पेशंटची घरी जाऊन चौकशी करायची, हीही आमची एक सेवा. त्यासाठी आम्ही बैलगाडीनं बीबी गावाला गेलो. तिथला सखाराम माळी वांगी-मिरची लावायचा आणि मोहाची प्यायचा. आमच्याकडे राहून तो बरा झाला होता.

त्याची बायको गया दारात तोंड पाडून बसली होती. डॉक्टरांनी विचारलं, पितो का? नाही म्हणाली. मारतो का? नाही. मळ्यात जातो का? जातो. मग तोंड असं का, असं विचारल्यावर ती पदर खोचून उभी राहिली.

"आधी पेऊन झोपत व्हता, तं घरात शांतता व्हती. आता बोलते. उठल्यापासून बोलते. लेकरायले मनोबल सांगते, बैलाले मनोबल सांगते. मानसानं ऐकावं तं किती?"

डॉक्टरांनी कुतूहलानं विचारलं, की बोलतो म्हणजे कसं बोलतो?

"तुमच्यासारखं," गया म्हणाली.

डॉक्टरांना हे इतकं आवडलं की परतीच्या वाटेवर त्यांनी मला ते पुन्हा पुन्हा सांगितलं. मी तिथेच होते, हे त्यांच्या लक्षात नव्हतं.

*

निंदणाचे, म्हणजे शेतातलं तण काढायचे, दिवस होते. चंद्रभागा नावाची एक मजूर बाई तान्हं लेकरू घेऊन ओट्यावर आली. लेकराचे हातपाय काड्यांसारखे, डोळे अर्धे मिटलेले. डॉक्टरांनी चिमटा काढला तरी ते रडेना. खोदून विचारल्यावर तिनं सरळ सांगितलं, की सकाळी वावरात जायच्या आधी याला अफूची बारीक गोळी चाटवते. मग हा शेताच्या बांधावर, धुऱ्यावरच्या झोळीत दिवसभर निजतो. सगळ्याच बाया असं करतात.

डॉक्टरांचा आवाज मी इतका चढलेला कधी ऐकला नव्हता. लेकरू झोपून राहतं म्हणून दूध पीत नाही, उपाशी मरतंय, तू आई आहेस की वैरीण, असं पुष्कळ बोलले. तिनं खाली मान घालून सगळं ऐकलं. मग कनवटीची पुरचुंडी सोडून गोळ्या त्यांच्यापुढे ठेवल्या आणि लेकरू त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"आता मी निंदाले जातो तं याले कोन पाह्यीन? मजुरी बुडाली तं मी काय खाऊ, अन् याले काय पाजू?"

रोज सकाळी उपदेश करणाऱ्या डॉक्टरांनी मांडीवरचं लेकरू सावरलं. शेवटी ते म्हणाले, "ठेव."

मी कापसाच्या वातीनं थेंब थेंब दूध पाजत बसले. संध्याकाळच्या सुमाराला पोरानं तोंड उघडलं आणि टाहो फोडला. चंद्रभागेला तो रस्त्यातच ऐकू आला. ती धावत आली आणि ओट्याशी थबकली. आपल्या लेकराचा आवाज असा आहे, हे तिला तेव्हा कळलं. पोर रडत होतं आणि ती हसत होती, डोळ्यांना पदर लावून.

दुसऱ्या दिवशी तिच्या बरोबरीच्या सगळ्या बाया आल्या. प्रत्येकीनं आपली पुरचुंडी डॉक्टरांच्या हातात दिली, लेकरू ओट्यावर ठेवलं आणि वावराकडे गेली. डॉक्टरांनी त्या सगळ्या गोळ्या जप्त करून माझ्याकडे कुलपात ठेवायला दिल्या. आमच्या मंदिराला एवढे भक्त कधीच मिळाले नव्हते. ते कृतार्थ दिसत होते.

ऊन चढलं तसा आदल्या दिवशीच्या अफूचा अंमल उतरत गेला आणि लेकरं एकामागून एक जागी झाली. एक रडायला लागलं की दुसरं त्याला साथ द्यायचं. दूध घेईनात, झोळीत राहीनात. डॉक्टरांनी थोपटलं, गाणं म्हटलं, नाचूनसुद्धा दाखवलं.

दुपार कलताना ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. एक लेकरू खांद्यावर, एक हातावर, धोतर ओलं, आवाज बसलेला. मागे ओट्यावर बाकीची एका सुरात रडत होती.

"अगं," ते हळू आवाजात म्हणाले, "त्या गोळ्या तू कुठे ठेवल्यास?"