तांब्यावरचं नाव

या पानावरचे अनुभव मी नेहमी वाचते, पण खरं सांगायचं तर चिडायला. कुणाला रिकाम्या घरात पैंजण ऐकू येतात, कुणाच्या गाडीत मागच्या सीटवर बाई येऊन बसते... आणि माझ्या मनात दर वेळी एकच प्रश्न — पुरावा काय? सिंगापूरला रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत इंटर्नल ऑडिटमध्ये माझी उमेदीची वर्षं गेली. समोरचा देवाशपथ सांगत असला तरी "फाइल दाखवा" म्हणायची सवय हाडात मुरलीय. त्यामुळे आज मीच इथे लिहायला बसले म्हटल्यावर माझी लेक हसतेय. हसू दे.

आधी माझ्या कामाबद्दल सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. बँकेतली नोकरी गेल्यापासून मी व्हिडिओ बनवून विकते. प्रौढांसाठीचे, अठरा वर्षांवरच्यांनी सबस्क्रिप्शन घेऊन बघायचे. ज्यांना नाक मुरडायचंय त्यांनी आत्ताच मुरडून घ्यावं, पुढे वेळ मिळणार नाही. सिंगापूरचा कायदा या बाबतीत कडक आहे, म्हणून सुरुवात करण्याआधीच वकिलाकडून सगळं नीट समजून घेतलं, आणि मी त्या रेषेच्या अलीकडेच राहते. माझ्या व्हिडिओत उघडंनागडं काही नसतं. ओली सुती साडी असते, पाठ असते, दंड असतात, सिझेरियननंतर कधीच आत न गेलेलं पोट असतं... आणि घाई अजिबात नसते. चेहरा कधीच दिसत नाही. कॅमेरा, लाइट, एडिटिंग, सगळं मी एकटी करते. चाळिशी उलटलेल्या बाईला बघायला लोक पैसे देतात आणि वर आभारही मानतात, हे मला सुरुवातीला खरं वाटलं नव्हतं. आता वाटतं. काम चांगलं आहे माझं.

माझी लेक इरा वीस वर्षांची आहे, इथेच युनिव्हर्सिटीत शिकते. तिचे बाबा आणि मी वेगळे झालो, ते पुण्याला परत गेले, आम्ही दोघी तोआ पायोहच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. एवढ्याशा घरात लपवणार काय आणि कुठे? पहिला व्हिडिओ करायच्या आधीच मी तिला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ओके आई, युवर बॉडी, युवर बिझनेस. बट अवर नेम कॅनॉट कम आउट, ओके?" धामणकर आडनावाचं सिंगापुरात दुसरं कुणी माझ्या तरी ऐकण्यात नाही. मी शब्द दिला — नाव बाहेर येणार नाही. (इथेही आम्हा दोघींची नावं आणि आडनाव बदलूनच लिहिलंय.)

तो शब्द मी ऑडिटरसारखाच पाळत होते. शूटिंगआधी फ्रेममधली वस्तू न् वस्तू तपासायची. कुरियरचं लेबल, औषधाची बाटली, खिडकीतून दिसणारा समोरच्या ब्लॉकचा नंबर, काही म्हणता काही सुटायचं नाही. आणि तरीही एक सुटलं.

आपल्याकडची स्टीलची भांडी तुम्हाला माहीतच आहेत. भेट देताना दुकानदाराकडून नाव घालून घ्यायचं, बारीक ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत. ते नाव आपण पहिल्या दिवशी वाचतो, आणि नंतर जन्मभर त्या भांड्यातून पाणी पितो पण नाव काही डोळ्यांना दिसत नाही. माझ्याकडे पाहुण्यांना पाणी द्यायचा असा एक तांब्या आहे. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला आत्याने दिलेला. त्यावर लिहिलंय — 'सौ. केतकी नितीन धामणकर हिस, आत्याकडून.'

आत्याबद्दल थोडं सांगायला हवं. कुसुम तिचं नाव, पण घरात तिला कुणी नावाने हाक मारलेली मला आठवत नाही. लहान वयात विधवा झाली आणि मुंबईला एका चित्रकलेच्या शाळेत नोकरीला लागली. घरचे "ऑफिसात आहे" म्हणायचे. ती ऑफिसात नव्हती, ती मॉडेल म्हणून बसायची. विद्यार्थी तिला बघून चित्रं काढायचे. मी शाळेत असताना ती मला एका प्रदर्शनाला घेऊन गेली आणि एका मोठ्या चित्रासमोर उभी राहिली. चित्रात पाठमोरी बसलेली बाई केस धूत होती. खाली कोपऱ्यात चित्रकाराची सही. आत्या माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "ओळखलंस का? पाठ माझी, नाव त्याचं." आणि हसली. लाजून नाही हं, चांगली ऐटीत हसली. तांब्या दिला तेव्हा मी विचारलं होतं, "आत्या, तुझं नाव का नाही घातलंस?" तर म्हणे, "मला कुठे सवय आहे?" कोविडच्या आधीच ती गेली.

मागच्या वर्षी मी केस धुण्याचा व्हिडिओ केला. स्वयंपाकघराला लागून न्हाणीघर आहे, तिथे दुपारचं ऊन खिडकीच्या काचपट्ट्यांतून तिरपं येतं. रोजचा प्लास्टिकचा मग कॅमेऱ्यात अगदीच दरिद्री दिसायला लागला, म्हणून पाहुण्यांचा तांब्या उचलून आणला. लांबसडक केस, शिकेकाईचा फेस, खांद्यावरून पाठीवर उतरणारं पाणी... आणि मध्ये तांब्याचा एक क्लोज-अप, त्याच्या पोटावर ऊन चकाकतंय. माझ्या सगळ्या कामात मला तो शॉट सगळ्यात आवडतो. एडिट करताना तो मी किती वेळा बघितला असेल, आणि बघितलं काय, तर ऊन. तोच तुकडा जाहिरात म्हणून सगळ्यांना फुकट बघायला टाकला.

आणि एका रविवारी दुपारी स्नेहलचा फोन आला. स्नेहल म्हणजे आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळातली, इथल्या माझ्या सगळ्यात जुन्या मैत्रिणींपैकी एक. "केतकी, मी तुझ्या ब्लॉकच्या खाली आहे. वर येते. एका तांब्याबद्दल बोलायचंय."

मी रॅकवरून तांब्या काढला आणि कित्येक वर्षांनी त्याच्यावरचं नाव वाचलं. इरा सोफ्यावर अभ्यास करत होती. तिला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "आई... यू प्रॉमिस्ड." ओरडली असती तर बरं झालं असतं. बेल वाजली. लॅपटॉप उघडून बघायलाही वेळ नव्हता.

स्नेहल आत येऊन चपला काढता काढताच म्हणाली, "आमच्या भिशीच्या ग्रुपवर कुणीतरी एक क्लिप टाकलीय. बाई कोण ते दिसत नाही. पण तांब्या तुझ्यासारखा वाटला गं, हा काठाला पोचा आलेला. संक्रांतीला मी यातून पाणी प्यायले होते. त्याच्यावर नाव पण आहे. मी मुद्दाम वाचलं नाही. म्हटलं, वाचायचं तर तुझ्यासमोर वाचावं."

हे तिचं मी कधी विसरणार नाही. दुसरी कुणी आधी वाचून, चार जणींना सांगून, मग आली असती.

मी तांब्या टेबलावर ठेवला. स्नेहलने पर्समधून चष्मा काढला. आधी तांब्या हातात घेऊन वाचला, मग फोनवर क्लिप थांबवून बोटांनी मोठी केली. इरा पुस्तकात तोंड घालून बसली होती, पण पान उलटत नव्हती.

"अगं..." स्नेहल म्हणाली, "हे तर वेगळंच आहे. कुसुम."

मी फोन जवळजवळ हिसकावूनच घेतला. तांब्या माझाच होता. काठाचा पोचा तोच, न्हाणीघराची फरशी माझी, धरणारा हात माझा. पण जिथे माझं नाव आणि आडनाव असायला हवं तिथे स्टील सपाट, गुळगुळीत. आणि अगदी खाली, बुडाशी, फ्रेमच्या उजव्या कोपऱ्यात, ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत एकच शब्द — कुसुम.

टेबलावरच्या तांब्यावर तो शब्द नाही. कधीच नव्हता. आणि आत्याचं नाव कुसुम, हे या देशात मी सोडून कुणालाही माहीत नव्हतं, इरालासुद्धा नाही. तीही तिला आत्याआजीच म्हणायची.

माझ्या अंगावर काटा आला, पण स्नेहलचा जीव भांड्यात पडला होता. "सुटले बाई. पोचा बघून मी घाबरलेच होते. पण असे पोचे काय, घरोघरच्या तांब्यांना असतात. मी म्हटलंच होतं, केतकी असलं काही करायची नाही." चष्मा पर्समध्ये टाकत ती पुढे म्हणाली, "आणि ही बघ ना, कोण कुठली कुसुम. या वयात, सुटलेलं पोट घेऊन... लाज कशी वाटत नाही? घरच्यांना काय वाटत असेल हिच्या?"

आमचं नाव बचावलं होतं, शब्द पाळला गेला होता. स्नेहल उठून जाईपर्यंत तोंड बंद ठेवायचं, बस्स. कुसुमला कुणी काही म्हणेना का. हे गिळायला मला किती जड गेलं ते माझं मला माहीत.

तेव्हा सोफ्यावरून इथल्या सिंगापुरी इंग्रजीत आवाज आला, "आंटी, दॅट वन माय मदर लाह."

स्नेहल वळली. इरा उठून माझ्याशेजारी येऊन उभी राहिली आणि तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "घरचे म्हणजे मी. मला छान वाटते. लाइट बघा ना तुम्ही, पाणी कसं येते बघा. सगळं तिने एकटीने केलं. नोबडी हेल्प."

आयुष्यात माझी बढती झाली, बक्षिसं मिळाली, बँकेत भाषणंही झाली माझ्याबद्दल. एवढी मान ताठ कधीच झाली नव्हती. मी म्हटलं, "हो स्नेहल, मीच आहे ती."

स्नेहल पर्सची चेन नुसतीच उघडत-मिटत राहिली. मला वाटलं, आता उठेल, जाईल, आणि मैत्री संपली. मग ती म्हणाली, "पाणी दे गं जरा." मी त्याच तांब्यातून दिलं. ती प्यायली, तांब्या हातात फिरवला आणि विचारलं, "शिकेकाई कुठली वापरतेस?"

"सेरंगून रोडवरची. सुटी मिळते."

"मला पण आण." एवढं बोलून ती गेली. ग्रुपवर तिने काय सांगितलं हे मी विचारलं नाही. पण मला आजपर्यंत कुणी काही म्हटलेलं नाही.

आता पुरावा. कॅमेऱ्यातली मूळ फाइल मी काढून बघितली, तीतही 'कुसुम'च आहे. त्याच कॅमेऱ्याने, त्याच उन्हात, तोच तांब्या पुन्हा शूट केला, तर माझं नाव आडनावासकट स्वच्छ दिसलं. इरा म्हणाली, कॉम्प्रेशनमुळे पिक्सेल हलतात. हलत असतील, पण हलून हलून पिक्सेल माझ्या आत्याचं नाव दोन्ही ऱ्हस्व उकारांसकट कसे लिहितील? एडिटिंग करणाऱ्या एका ओळखीच्या मुलीला फाइल दाखवली, तिला त्यात फेरफार सापडला नाही. ऑडिट रिपोर्टमध्ये अशा वेळी आम्ही 'कारण आढळले नाही' असं लिहून सही करायचो. तेच इथे लिहिते. कारण आढळले नाही.

मी आता व्हिडिओ कुसुम या नावाने विकते. प्रत्येक व्हिडिओत खाली उजव्या कोपऱ्यात ते नाव असतं, इरानेच ती अक्षरं बनवून दिली, ठिपक्याठिपक्यांची.

परवा तीच म्हणाली, "आई, आपण तांब्यावर पण आत्याआजीचं नाव घालून आणू या का? लिटिल इंडियात भांड्याच्या शॉपमध्ये मशीन आहे." मी म्हटलं, नको. आत्याला जिथे घालायचं होतं, तिथे तिने घातलंय.