ज्या ग्रुपमध्ये मी नव्हते

लग्नानंतर मी बोईसरला निघाले तेव्हा आई एसटीच्या खिडकीशी उभी होती. सांगलीकडचं आमचं गाव सोडून तिनं फारसं काही पाहिलेलं नव्हतं. खिडकीतून भाकरीचं गाठोडं आत देत ती म्हणाली, "शाले, जाशील तिथली हो. सारखी मागं बघत बसलीस तर तिथं पाय रुजायचे न्हाईत."

पाय रुजले. यांची नोकरी रंगाच्या कारखान्यात होती. संध्याकाळी हवेला वास यायचा, वाळत घातलेल्या कपड्यांवर डाग पडायचे. शेजारणींशी मोडकंतोडकं हिंदी बोलत मी संसार केला. महिन्यातून एक आंतरदेशीय पत्र यायचं. बारशाची बातमी पोचेपर्यंत पोर रांगायला लागलेलं असायचं, पण त्याचं कधी वाईट वाटलं नाही. जे कळतच नाही, त्याचं काय वाईट वाटणार?

हे रिटायर झाले, आम्ही बोईसरजवळच्याच बेटेगावात दोन खोल्यांचं घर घेतलं आणि मुलानं मला मोबाइल दिला. माझा धाकटा भाऊ दत्ता यानं 'माहेर' नावाचा ग्रुप काढला होता, त्यात मला घेतलं. पहिले काही महिने मी अगदी हरखून गेले होते. चाळीस वर्षांनी मला गावातलं त्याच दिवशी कळायला लागलं. पण मग दर घटकेला कळावंसं वाटायला लागलं. चहा ठेवला की फोन, कुकरची शिट्टी होईपर्यंत फोन. कुणी फोटो टाकला आणि सगळ्यात आधी माझा अंगठा गेला नाही तर चुकल्यासारखं व्हायचं. हे म्हणायचे, "तू इथं फक्त जेवायला असतेस." मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

एकदा चुलतभावाच्या नातवाच्या बारशाचे फोटो आले. सगळ्या बायका नटलेल्या होत्या, मला कुणी कळवलंही नव्हतं. मी ग्रुपवर लिहिलं, "मी मेले असं समजलात का?" पुढचे आठ दिवस एकेकाला फोन करून जाब विचारला. त्यानंतर कुठलाही फोटो आला की माझा पहिला प्रश्न तोच: मला का नाही सांगितलं? मला वाटायचं, मी माझा हक्क मागतेय.

मग दत्ताची बायको सुनंदा रोज सकाळी आईचा फोटो टाकायला लागली. आई ओट्यावर, आई तुळशीपाशी, आई चहा पिताना. मी हात जोडायची, बदाम पाठवायची. फोन केला की दत्ता म्हणायचा, "आत्ताच झोपलीय, ताई." मला काही खटकलं नाही. फोटोत तर रोज दिसत होती.

मे महिन्यात एका सकाळी सातपाटीची हिराबाई मासळीची पाटी घेऊन दारात आली. दोन हाका मारूनही मी उठले नाही म्हणून ती आत डोकावली. मी कौतुकानं तिला फोटो दाखवला.

"आजचा हाय?" तिनं विचारलं.

"आत्ताच आलाय."

तिनं फोन जवळ धरला. "मग म्हातारीनं सेटर का घातलाय? तुमच्या गावाला मे महिन्यात थंडी पडते काय?"

मी फोन हातात घेऊन आधीचे फोटो एकेक करून मागं मागं बघत गेले. स्वेटर, कानटोपी, शेकोटी. एकही फोटो उन्हाळ्यातला नव्हता. मी दत्ताला फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी सरळ गाव गाठलं.

आई आतल्या खोलीत खाटेवर होती. हिवाळ्याच्या शेवटी पडली होती, तेव्हापासून उठलीच नव्हती. मी हात धरला तर नवख्या माणसाकडं बघावं तसं बघून तिनं विचारलं, "कुठल्या गावच्या म्हणायच्या तुम्ही?"

दत्ता दारात उभा होता. "का नाही सांगितलंस?" मी विचारलं. हा प्रश्न मी इतक्यांदा विचारला होता की आता त्यात काही जोरच उरला नव्हता.

"तुला सांगितलं की गावभर फोन जातात, ताई. आईचं करायचं का तुला उत्तरं द्यायची?" त्यानं खिशातला मोबाइल काढून माझ्या हातात दिला. "वाच."

त्यांचा दुसरा ग्रुप होता. मी सोडून सगळे त्यात होते. डॉक्टर काय म्हणाले, रात्री कोण जागणार, आज किती घास गेले. होळीच्या आदल्या दिवशी सुनंदानं लिहिलं होतं, "आई सकाळपासून शालीला बोलवा म्हणतायत." खाली दत्ताचं उत्तर होतं, "आत्ता नको. गहजब करेल." त्या दिवशी मी 'माहेर'वर काय पाठवलं होतं ते माझ्या फोनमध्ये शोधून काढलं. गुलाबाची फुलं आणि शुभ सकाळ.

अठरा दिवस राहिले. आई माझ्या हातून पेज प्यायची आणि मला 'बाई' म्हणायची. सुनंदाशी मी भांडले नाही. तिचे हात कोपरापर्यंत दुखत होते, हे मला कुठल्याच फोटोत दिसलं नव्हतं. मी परत आल्यावर महिन्याभरानं आई गेली. या वेळी दत्तानं सगळ्यांत आधी मला फोन केला.

हिराबाईनं विचारलं, "म्हातारीनं ओळखलं का?" मी नाही म्हणून मान हलवली. ती पाटी उतरवून माझ्याजवळ पायरीवर बसली. त्या दिवशी तिची मासळी उशिरा विकली गेली असेल.

माझ्यासारख्या इथं येऊन राहिलेल्या बायकांना एवढंच सांगते. चाळीस वर्षं कुणी गाव विचारलं की मी माहेरचं नाव सांगायची. परवा बँकेतल्या मुलीनं विचारलं तेव्हा तोंडातून बेटेगाव निघालं. तिनं ते लिहून घेतलं. मला दुरुस्त करावंसं वाटलं नाही.