गिट्टीचं धुणं आणि चाचांची विहीर

मोताळ्याकडून धामणगाव बढेकडे जाताना माळावर आमची गिट्टीची खदान लागते. बँकवाले तिला लघुउद्योग म्हणतात, गाववाले खदान म्हणतात आणि माझी बायको म्हणते, 'तुमची धूळ.' मी स्वतः तिला बरीच वर्षं 'आपला प्रकल्प' म्हणत होतो. आता म्हणत नाही.

दगड फोडायचा, क्रशरमधून काढायचा, गिट्टी वेगळी, बारीक कच वेगळी. नदीची वाळू मिळेनाशी झाली तशी बांधकामवाले कच मागायला लागले, आणि तीही धुतलेली. मग मी धुण्याचं यंत्र आणलं. खदानीच्या खड्ड्यात झऱ्याचं पाणी बाराही महिने असतंच. ते मोटरनं उपसायचं, कचेवर मारायचं, दगडाचं पीठ पाण्याबरोबर वाहून जातं आणि मागे लखलखीत कच राहते. पीठ वाहून कुठे जातं, हा प्रश्न मला पडला नाही. पाणी उताराकडे जातं एवढा भूगोल मला येत होता, आणि उतार नाल्याकडे होता. क्रशरला परवानगी होती. धुण्याला वेगळी लागते, हे धुणं दोन-तीन वर्षं चालल्यावर कळलं.

नाल्याच्या काठाला चाचांचं शेत आहे. चाचा वयानं माझ्या वडिलांच्या बरोबरीचे, आणि पंचक्रोशीत कांद्याचं बियाणं पिकवावं तर त्यांनी. हे काम नाजूक. कांदा लावायचा, त्याला दांडे येऊ द्यायचे, दांड्यांवर पांढरे गोंडे धरतात आणि त्या गोंड्यांत बी भरतं. बी भरायच्या दिवसांत पाणी कमी पडलं की बी पोकळ निघतं, आणि वर्षभराची मेहनत फुंकर मारली की उडून जाते.

एका सकाळी चाचा आले आणि त्यांनी ठिबकचं फिल्टर माझ्या टेबलावर आपटलं. आतून राखाडी चिखल बाहेर आला.

"भाऊ, म्या कांदा लावला. सिमिटचा कारखाना नाई टाकला," चाचा म्हणाले. "तुमची गिट्टी माह्या ठिबकात काऊन घुसून राह्यली? विहिरीचं पाणी दुधावानी झालं. नळ्या बुजल्या. अर्धं बी पोकळ गेलं माहं."

माझा स्वभाव असा की कुणी चूक दाखवली की मी ती कबूल करत नाही, योजना जाहीर करतो. मी खुर्चीवरून उठलो आणि मजुरांच्या देखत सांगून टाकलं की धुणं आजपासून बंद, आता रीतसर टाक्या बांधू, पाणी शुद्ध करू, प्रदूषणवाल्यांची मंजुरी आणू आणि पुढच्या हंगामात चाचांच्या विहिरीत माझ्या दगडाचा एक कण येणार नाही. चाचा फक्त "बरं," म्हणाले, आणि फिल्टर उचलून गेले. मजुरांनी टाळ्या वाजवल्या नाहीत याचं मला थोडं वाईट वाटलं.

बुलढाण्याच्या एका सल्लागारानं नकाशा काढून दिला. तीन टाक्या, एकापुढे एक. पहिलीत जड गाळ बसायचा, दुसरीत तुरटी, तिसरीत निवळ पाणी, आणि ते पाणी पंपानं पुन्हा धुण्याला. मी टाक्या बांधल्या, दोन-चार दिवस चालवून पाहिल्या आणि मंजुरीसाठी अर्ज केला. दिवाळीच्या तोंडावर निरोप आला की पाहणीला प्रदूषणवाल्यांच्या मॅडम येणार आहेत.

आता आमच्याकडे साहेब येणार म्हटलं की माणसाच्या हातात आपोआप चुना येतो. मंत्री येवो, झेडपीचा अधिकारी येवो की नवरदेवाकडचे येवोत, दगडांना चुना लागतो, झाडांच्या बुंध्यांना चुना लागतो आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी चुन्याची फक्की पडते. मीही याच मातीतला. टाक्या चालवून पाहिल्यामुळे त्यांच्या भिंतींना आतून राखाडी गाळ चिकटला होता. तो पाहून मला लाज वाटली. पाहुणे येणार आणि घर असं?

मी सगळा गाळ उपसला. टाक्या खराट्यानं घासल्या. मग आतून, तळासकट, चुन्याचे दोन हात मारले.

"घाणीच्या टाक्याले चुना?" बायको म्हणाली. "त्या घाण पाह्याले येऊन राह्यल्या ना?"

"तुला यातलं कळत नाही," मी म्हणालो. हे वाक्य मी आमच्या संसारात ज्या ज्या वेळी उच्चारलं आहे, त्या प्रत्येक वेळी पुढे काय झालं हे तिला पाठ आहे. मी टाक्यांत खड्ड्यातलं ताजं पाणी भरलं. पांढऱ्या टाक्यांत ते निळं दिसायला लागलं. पंपाला झेंडूचा हार घातला. फाटकापासून दोन्ही बाजूंनी फक्की टाकली, आणि उत्साहाच्या भरात ती टाक्यांकडे न नेता आलू-पोह्यांच्या टेबलाकडे नेली.

मॅडम आल्या. वयानं लहान, पायात जाड बूट, हातात एक छोटं यंत्र. चाचांनाही त्यांनी बोलावून घेतलं होतं, कारण खालच्या अंगाचं शेत त्यांचं. फक्कीच्या रेघेनं चालत चालत मॅडम सरळ पोह्यांपाशी पोचल्या आणि थांबल्या.

"टाक्या कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

मी पुढे होऊन टाक्या दाखवल्या. मॅडमनी आत पाहिलं आणि विचारलं, "धुण्याचं गढूळ पाणी कुठंय?"

"नाही ना!" मी विजयी मुद्रेनं म्हणालो.

"यंत्र सुरू करा."

"बंदच ठेवलंय मॅडम. आपल्याला धूळ लागेल."

मग त्यांनी हातातलं यंत्र पाण्यात बुडवलं. आकडा पाहून त्यांच्या भुवया वर गेल्या. "पाण्याचा सामू फार वर गेलाय," त्या म्हणाल्या.

मातीच्या तपासणीत सामू म्हणून काहीतरी लिहितात हे मला माहीत होतं, पण आयुष्यभर परीक्षेत खालचेच आकडे मिळालेल्या माणसाला 'फार वर' हे शब्द गोड लागतात. "किती आला?" मी विचारलं, आणि लाजून खालीही पाहिलं. त्यांनी आकडा सांगितला. मी चाचांकडे वळून तो मोठ्यानं परत सांगितला.

मॅडमनी भिंतीवरून बोट फिरवलं. बोट पांढरं झालं. "चुना?"

"दोन हात," मी म्हणालो.

मग त्यांनी मला, शाळेतल्या पोराला सांगावं तसं, न चिडता समजावलं. गढूळ पाणी निवळतं. हे दिसायला निवळ आहे, पण चुन्यानं इतकं तिखट झालंय की पिकाला सोडलं तर मुळं जाळेल. आणि जिथं गढूळ पाणीच नाही तिथं ते शुद्ध होतं की नाही, हे मी कशावरून पाहू? त्यांनी चाचांनाही विचारलं, तुमचं काय म्हणणं?

चाचा टाकीत वाकून बघत होते. "दिसाले तं लय झकास हाय मॅडम," ते म्हणाले. "दिवाई झाल्यावानी."

पाहणी नापास झाली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मॅडमनी पोह्यांना हात लावला नाही. मजुरांनी मात्र लावला. सगळे पांगल्यावर चाचा माझ्याजवळ आले. त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती.

"भाऊ, माह्या लागवडीचे दिवस आले. लावू का नको? खरं सांगा."

"लावा," मी म्हणालो. "जबाबदारी माझी."

त्यांनी लावला. माझ्या शब्दावर लावला, आणि त्या रात्रीपासून माझी झोप उडाली, कारण माझा शब्द किती पाण्यात आहे ते मला ठाऊक होतं.

दुसऱ्या पाहणीची तयारी बायकोनं केली. चुन्याचं पाणी टाकीतच उन्हात आटू दिलं, भिंती खरवडून घेतल्या, तो पांढरा चुरा पोत्यांत भरला. मग यंत्र चालवून टाक्या पाहिजे तितक्या घाण करून ठेवल्या. मला दोन अटी घातल्या. टाक्यांच्या जवळ जायचं नाही आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही. मॅडम आल्या तेव्हा मी इतका गप्प होतो की त्यांनी बायकोला विचारलं, साहेबांची तब्येत बरी नाही का. यंत्र सुरू झालं, पहिल्या टाकीत राखाडी पाणी धो धो पडलं, दुसरीत गाळ गोळा होऊन खाली बसला आणि तिसरीत तळाची गोटी दिसायला लागली. यंत्रावरचा आकडा बेताचा आला. या वेळी मी तो कुणाला सांगितला नाही.

मंजुरी आली. तिच्यात ठळक अट होती की धुण्याचं पाणी पुन्हा पुन्हा वापरायचं आणि टाकीतलं असो की खड्ड्यातलं, आवाराबाहेर एक थेंब सोडायचा नाही. ही अट चाचांच्या विहिरीसाठीच होती, म्हणून मला तिचा फार अभिमान वाटला. लग्नात, मयतीत, बाजारात, जिथं चार माणसं दिसतील तिथं मी थेंबाची गोष्ट काढायचो. चाचांची विहीर स्वच्छ झाली. नळ्या मोकळ्या झाल्या. कांद्याला दांडे आले, गोंडे धरले, आणि कुंपणापलीकडचं ते पांढरं शेत मी आल्यागेल्याला असं दाखवायचो जणू मीच पेरलंय.

फाल्गुनात चाचा आले आणि मला विहिरीवर घेऊन गेले. पंप हवा ओढत होता. खाली ओंजळभर पाणी राहिलं होतं.

"पोरं म्हणत, झरा आटला," चाचा म्हणाले. "म्या नाल्यानं चालत वर आलो तवा समजलं. भाऊ, माही विहीर इतके वर्स तुमच्या पान्यावर चालू होती."

मला समजायला वेळ लागला. मी खड्ड्यातलं पाणी उपसून नाल्यात सोडत होतो. पीठ नाल्यात बसायचं, थोडं विहिरीतही यायचं, पण त्यासोबत पाणी मुरायचं आणि विहीर भरलेली राहायची. आता माझं पाणी माझ्याच तीन टाक्यांत गोल गोल फिरत होतं आणि नाला कोरडा ठणठणीत पडला होता. हे सल्लागाराला सुचलं नाही, मला सुचलं नाही आणि चाचांनाही सुचलं नाही. गोंडे बी भरायला लागले होते.

मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, निवळलेलं पाणी शेतीला देता येऊ शकतं, पण त्यासाठी मंजुरीत बदल लागेल, अर्ज करा, मी लवकर बघते. पण तोवर अट ती अट. त्यांचं चुकत नव्हतं. मी त्याच दिवशी अर्ज पाठवला. टँकरसाठी विचारलं, तर सगळ्या गावांना तहान एकदमच लागलेली.

तेव्हापासून चाचा रोज संध्याकाळी कुंपणापाशी येतात. "आलं काय?" विचारतात. मी नकाराची मान हलवतो. कुंपणाच्या अलीकडे माझी तिसरी टाकी काठोकाठ, पलीकडे त्यांचे गोंडे एकेक करून माना टाकताहेत. मला त्या पाण्याकडे बघवत नाही.

काल त्यांनी विचारलंच नाही. कुंपणाची तार धरून टाकीकडे बघत उभे राहिले. मग हळूच, कुणी ऐकणार नाही अशा बेतानं इकडेतिकडे पाहून म्हणाले, "भाऊ, निवळ पान्याले मंजुरी लागते तं तुमचं ते पयलेवालं गढूळच सोडा ना थोडं. मी फडक्यानं गाळून घेईन."